मान हलवायची नाही

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे! अगं, मी वाळवंटात राहतो. दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेवला तर सोलून निघेल, आणि तुम्ही दोघी मला लोकरीचे मोजे पाठवता. आईची कल्पना असणार. तिला सांगू नकोस, पण पहाटे घालतो मी ते. इथली पहाट फार गार असते. सांगितलंस तर पुढच्या पार्सलात स्वेटर येईल.

तू लिहिलंस की गाडी शिकायला येणारे तुला विचारतात, "बाई, तुमचा भाऊ काय करतो?" आणि तू सांगतेस, "सरडे हाकतो." हाकत नाही, मोजतो. आता एकदा नीट ऐकून घे आणि त्यांनाही नीट सांग.

आमचे सरडे म्हणजे तुझ्या मागच्या अंगणातले टिचभर सरडे नव्हेत. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पोट जमिनीला टेकलेलं, तोंड बसकं, आणि शेपटीवर काट्यांच्या रांगा. चेहरा गुंडाचा, पण खाणं पानं, फुलं, बिया. चुकून एखादा टोळ तोंडाशी आला तर गिळतात, तेवढंच. पाणी पीत नाहीत. जे काय ओलं मिळतं ते पाल्यातून. अंगात मीठ जास्त झालं की नाकातून बाहेर टाकतात, म्हणून सगळ्यांच्या नाकाला पांढरी खपली. सर्दी झालेल्या पोरांसारखे दिसतात. प्रत्येकाचं बीळ स्वतंत्र. संध्याकाळ झाली की आत जाऊन आतूनच मातीने दार लिंपून घेतात. सकाळी ऊन चांगलं तापलं की माती ढकलून आधी डोकं बाहेर. त्या वेळी अंग काळपट असतं, ऊन शोषायला. तापलं की तेच अंग वाळूसारखं पिवळट होतं. मग चरायला निघायचं, तेही बिळापासून चार पावलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ते या लोकांना बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

मोजणी अशी. वस्तीच्या मधोमध दगडांचा एक ढीग आहे, त्यावर मी उजाडायच्या आत जाऊन बसतो. ते बाहेर आले की मोजायचे. पण मान हलवायची नाही. मान हलली की एक पळतो, आणि एक पळाला की मिनिटात मैदान रिकामं. दुर्बीण उचलली तरी तेच. म्हणून नजर समोर ठेवूनच मोजायचं, समोरचे, बाजूचे, अगदी कानाजवळचे सुद्धा. हे जमायला मला दोन वर्षं लागली. आमचे साहेब म्हणतात, "तुमच्यासारखा दगड मी पाहिला नाही." कौतुकच आहे ते.

आणि आता खरी गोष्ट. ताई, सरडे कमी होतायत. वसंतात पन्नासच्या वर असायचे. आता तीस भरले तर खूप. रोज वाटतं, उद्या वाढतील. माझी झोप उडाली आहे.

बाकी ठीक. जीपचा डावा आरसा गेला. फाटकाचा खांब वाऱ्याने कलला असावा. हसू नकोस.

तुझा,
सरडोबा


१७ सप्टेंबर

प्रिय सरडोबा,

खांब कलत नाहीत, ड्रायव्हर कलतात. कुणी शिकवलं रे तुला गाडी चालवायला? मीच ना? माझं नाव घालवलंस. इथे बारा महिने मी घसा फोडून सांगते, "आरशात बघा, आरशात बघा," आणि माझा सख्खा भाऊ आरसाच मोडून बसतो.

हल्ली एक बेकरीवाले गृहस्थ शिकायला येतात. माणूस सोन्यासारखा, पण रस्ता म्हणजे फक्त नाकासमोर. परवा डावीकडून सायकलवाला आला, यांना पत्ताच नाही. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून वाचलो. वर मलाच म्हणतात, "अहो, तो आकाशातून पडला!" मी म्हटलं, आकाशातून नाही, डावीकडून आला. जगातली निम्मी माणसं डावीकडूनच येतात.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. नाकाच्या खपलीवर तिला हसू आलं. मग म्हणाली, "अन् हा स्वतः पाणी पितो का नीट?" मोज्यांचं गुपित फुटलं, कारण मी वाचताना थांबायला विसरले. स्वेटर विणायला घेतलाय. भोग आता आपल्या कर्माची फळं.

सरडे कमी झाले म्हणतोस, तर शिकारी येत असतील का? की दुसरीकडे गेले? पण तूच लिहितोस की ते चार पावलांपलीकडे जात नाहीत. मग आहेत कुठे? मला त्यातलं काही कळत नाही, पण तू काळजीत आहेस ते कळतं. तू काळजीत असलास की तुझं अक्षर मोठं होतं. लहानपणापासून आहे ते.

माझा वाढदिवस झाला. आपलं ठरलंय तसं डोळ्यांचा दाब मोजून आले. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, भावाला का नाही आणलंत, वडिलांना काचबिंदू होता म्हणजे दोघांनीही यायला हवं. तुझा वाढदिवस तर जूनमध्येच झाला. गेला होतास की नाही? हो किंवा नाही एवढंच लिही. भाषण नको.

तुझी,
ताई


५ ऑक्टोबर

ताई,

आज विनोद सुचत नाहीत.

निम्मेही उरले नाहीत. काल वीस. आज सतरा. मी सात वर्षं इथे आहे, असं कधी झालेलं नाही. साहेबांना सगळं कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की मुख्य कार्यालयातून एक संशोधक बाई मदतीला पाठवतो. मदतीला म्हणजे काय, ते न समजायला मी काही दूधखुळा नाही. माझ्या मोजणीवर त्यांचा विश्वास नाही.

शिकारी म्हणावेत तर एकही फासा नाही, बुटांचा माग नाही. रोग म्हणावा तर एकही मेलेला सापडला नाही. घार म्हणावी तर ती किती नेणार? आणि सगळ्यात विचित्र काय सांगू, बिळं रोज उघडी असतात. मी दुपारी फिरून एकेक बीळ वाकून बघतो. ताजी माती ढकललेली असते. शेपटी ओढल्याच्या खुणा ताज्या. लेंड्या ताज्या, पाल्याने भरलेल्या. झुडपांचे शेंडे कुरतडलेले. म्हणजे खातंय कुणीतरी. पण सकाळी ढिगावर बसून बघावं तर मैदान ओसाड. भुताटकी वाटावी असं आहे. मी अगदी डोळ्यांत तेल घालून बसतो, गं!

जे दिसतात तेही बिथरलेत. पूर्वी लांबून चालत येताना दिसायचे. आता एकदम समोरच उगवतात, जमिनीतून वर आल्यासारखे. वागणंच बदललंय त्यांचं. मी त्यावर चार पानं टिपण लिहिलंय.

इथला स्वयंपाकीही बिथरलाय. मांजरासारखा येतो, पावलांचा आवाज नाही, एकदम बाजूला येऊन उभा. काल मी दचकलो आणि चहा सगळा पायावर. त्याला म्हटलं, खाकरत जा. तर म्हणतो, साहेब, मी केव्हाचा इथेच उभा आहे. पाण्याचे डबेही वाटेत ठेवतात हे लोक. गुडघा फोडून घेतला.

मी एक निर्णय घेतलाय. महिनाभरात थंडी पडेल. थंडी पडली की हे सगळे बिळात उतरतात, दार लिंपतात आणि थेट वसंतात उठतात. तोपर्यंत शेपटीतल्या चरबीवर जगायचं. त्या काळात काय घडतंय ते आपल्याला दिसणारच नाही. वसंतात दारं उघडतील तेव्हा एकही उरला नसेल, ही भीती मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून थंडीआधी बिळं खणायची, उरलेले सगळे धरायचे आणि आमच्या संशोधन केंद्रामागच्या कुंपणात हलवायचे. ही बिळं वाकडी आणि खोल असतात, खणताना काही जखमी होतील. नव्या जागी थंडीआधी पुरेसं खोल बीळ पाडणं सगळ्यांना जमणार नाही. काही मरतील. हे मला माहीत आहे, ताई, दुसऱ्या कुणी करायला घेतलं असतं तर मीच आडवा पडलो असतो. पण सगळे मरण्यापेक्षा काही मेलेले बरे. बाई आल्या की खणायला घेतो.

डोळ्यांचं नंतर बघू. आत्ता वेळ नाही.

तुझा


१३ ऑक्टोबर

बाळा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. सरड्यांचं ऐकताना ती विणत होती. "मांजरासारखा येतो, एकदम बाजूला उभा" इथवर आले आणि तिच्या सुया थांबल्या. म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. पाण्याचे डबे, गुडघा, सगळं. ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेले, तर पलंगावर नुसती बसलेली. म्हणाली, "तुझे बाबा असंच म्हणायचे."

तू तेव्हा वसतिगृहात होतास, तुला सगळं माहीत नाही. बाबा म्हणायचे, या घरात कुणी पाय वाजवून चालत नाही. म्हणायचे, स्टुलं वाटेत ठेवता. म्हणायचे, शेजारी हल्ली शिष्ट झालेत, जवळून जातात पण ओळख देत नाहीत. आम्ही हसायचो. म्हातारपण, चिडचिड, दुसरं काय! कारण पेपर ते घडाघडा वाचायचे. सुईत दोरा आईच्या आधी ओवायचे. कोण म्हणेल डोळे बिघडलेत? समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं रे. बाजूचं जात होतं. कडेकडून, दुखल्याखुपल्याशिवाय. आणि त्यांना वाटायचं, जगच बदललंय.

आता तुझं पत्र मी माझ्या धंद्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचलं. डावा आरसा गेला, खांब कलला. स्वयंपाकी बाजूने येतो, दिसत नाही. डबे पायाखाली येतात, दिसत नाहीत. सरडे लांबून येताना दिसत नाहीत, एकदम समोर उगवतात. आणि तू मान न हलवता मोजतोस! अरे, मान न हलवता मोजायचं म्हणजे बाजूचं दिसायला हवं ना?

बिळं उघडी, माती ताजी, लेंड्या ताज्या, पाला खाल्लेला. तूच लिहिलंयस हे सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सरडे कुठेही गेलेले नाहीत. मला सरड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण बेकरीवाल्याचा सायकलवाला आकाशातून पडला नव्हता एवढं कळतं.

मी चुकत असेन. देवा, मी चुकत असू दे. पण एक कर. ताठ बस, समोर एका बिंदूवर नजर लाव, दोन्ही हात बाजूला पसर आणि अंगठे हलव. मग हळूहळू पुढे आण. अंगठे कुठे दिसायला लागतात ते मला लिही. माझे मला जवळजवळ कानाशी असतानाच दिसतात.

तोपर्यंत जीप चालवायची नाही. बिळात हात घालायचा नाही. तूच मागे लिहिलं होतंस की रिकाम्या बिळात साप राहतात. आणि खणायचं नाही! तुझ्या हाताने तू त्या जिवांची घरं फोडशील, आणि नंतर कळेल की ते सगळे जिथल्या तिथे होते, तेव्हा तू काय करशील? मी तुला ओळखते. तू त्यातून उठणार नाहीस.

गेलेली नजर परत येत नाही. बाबांची आली नाही. पण उरलेली थेंबांनी राखता येते, बाबांच्या बाबतीत उशीर झाला म्हणून नाही राखता आली. एकेक आठवडा मोलाचा आहे. आई मला सारखी विचारते, तुमच्याकडे टपाल नेणारा पाण्याचा टँकर कधी जातो, पत्र कधी पोचतं.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. सात वर्षांचं माझं काम तू एका सायकलवाल्यावरून निकालात काढलंस.

माझे डोळे ठणठणीत आहेत. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कंदिलाशिवाय वाचतो. हातभर अंतरावरच्या सरड्याच्या नाकावरची मिठाची खपली मला दिसते. असल्या माणसाला तू आंधळा ठरवतेस? बाबांचं वय काय होतं, माझं काय आहे? आणि आईच्या डोक्यात हे भरवून दिलंस. ती आता रात्रंदिवस हेच उगाळत बसणार. शाबास.

अंगठ्यांचे खेळ करायला मी रिकामा नाही.

संशोधक बाई येत्या टँकरने येतायत. कुदळी, पोती, पेट्या सगळं तयार आहे. आल्या की दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात. गारठा वाढतोय. आज सकाळी अकरा मोजले. अकरा, ताई! तू तिथे बसून मला सांगतेस की ते जिथल्या तिथे आहेत. मग मला का दिसत नाहीत?

स्वेटर पाठवू नका.


२५ ऑक्टोबर

बाळा,

मिरच्या झोंबल्या ना? झोंबू देत. तू चिडून लिहिलंस ते बरं झालं. पत्राच्या शेवटी तू स्वतःच विचारलंयस, "मग मला का दिसत नाहीत?" हेच मी विचारतेय. आपण दोघं एकच प्रश्न विचारतोय, फक्त तू वाळूला विचारतोस आणि मी तुला.

तू अंगठ्यांचं उत्तर दिलं नाहीस. खेळ करायला वेळ नाही म्हणालास. मला वाटतं, तू केलास. केलास आणि घाबरलास. नसेल तर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

मी इथे रोज गाडीत बसते, माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असतो. समोरचा चुकला की मी दाबते. तू इतका लांब आहेस की माझा पाय पोचत नाही. परवा शिकवता शिकवता रस्त्यात कुणी नसताना मी ब्रेक दाबला. शिकणारी मुलगी घाबरून रडायला लागली. मी तिला सॉरी म्हटलं आणि घरी निघून आले. तुझ्यामुळे माझ्या धंद्याचीही वाट लागणार आहे, गाढवा.

एकच मागते. खणायच्या आधी एक सकाळ दे. त्या बाईंना तुझ्या शेजारी ढिगावर बसव. तुझ्याच पद्धतीने, मान न हलवता. तुझा आकडा तू मनात ठेव, त्यांचा त्यांनी ठेवावा. मग दोघांनी सांगा. त्यांचा आकडाही तुझ्याएवढाच निघाला तर मी चुकले. मग पेट्या भरायला मी स्वतः येईन आणि आयुष्यात पुन्हा तुझ्या कामात नाक खुपसणार नाही. तू शास्त्रज्ञ आहेस ना? मग तपासून बघ. एका सकाळीने थंडी काही पळून जात नाही.

आई म्हणते, त्याला लिही की रागावले नाही. स्वेटर पूर्ण झालाय. पाठवत नाही, घरी ठेवलाय.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो. बाई इथेच आहेत. त्या म्हणाल्या, "मी लिहून देऊ का?" मी म्हटलं, नको, समोरचा कागद मला दिसतो.

तुझं पत्र आणि त्या एकाच टँकरने आल्या. पत्र मी खिशात ठेवलं आणि रात्रभर काढलं नाही. सकाळी कुदळी जीपमध्ये टाकल्या, ती चालवायला बाईंना दिली आणि मग वाचलं. तू बरोबर ओळखलं होतंस. अंगठ्यांचं मी केलं होतं, तुझं आधीचं पत्र आलं त्याच दिवशी. ते मला कुठे दिसायला लागले ते आत्ता लिहीत नाही. डॉक्टरांना सांगेन. मी स्वतःला समजावलं की खांदे अवघडलेत म्हणून हात नीट पसरला नाही. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

बाईंना म्हटलं, आज खणायचं नाही, आधी एक मोजणी करू. त्या वयाने लहान आहेत, फार बोलत नाहीत. त्यांना मान न हलवण्याचं सांगितलं. म्हणाल्या, माहीत आहे, तुमचं मोजणीवरचं जुनं टिपण वाचूनच शिकले. आम्ही ढिगावर शेजारी शेजारी बसलो. गारठा होता, मोजे घातले होते. ऊन वर यायला वेळ लागला. मग माझ्या समोरच्या बिळाची माती हलली, काळपट डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मी मनात मोजत होतो. एक नर पिवळा पडेपर्यंत मी बघत बसलो. क्षणभर मला वाटलं, आज वाढले असतील. नऊच भरले.

मी पुटपुटत विचारलं, "किती?"

त्या म्हणाल्या, "सर, मी दोनदा मोजले. सत्तेचाळीस."

मला राग आला. वाटलं, पोरगी पहिल्यांदा आलीय, दगड मोजतेय. म्हटलं, "कुठे आहेत सत्तेचाळीस? दाखवा." त्यांनी बोटसुद्धा उचललं नाही. ओठ न हलवता सांगू लागल्या. तुमच्या डावीकडे सपाट खडकाखाली एक मादी आहे, तिच्या पाठीला लागून याच वर्षीची दोन पिल्लं. तुमच्या उजव्या गुडघ्याच्या रेषेत दोन नर, एक शेपूट उगारून दुसऱ्याला हटवतोय. झुडपाखाली चार. अगदी तुमच्या कोपराजवळ एक जण चरतोय, सर, हात हलवू नका.

कोपराजवळ, ताई! नजर समोर ठेवून मी तिथलं टिपायला बघत होतो आणि तिथे काहीच नव्हतं. काळोख असता तर मला कळलं असतं. काळोखही नव्हता. तिथे जागाच नव्हती, जणू जग तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

आणि मग सात वर्षांत कधी केलं नव्हतं ते मी केलं. मान वळवली.

सगळे पळाले. कोपराजवळचा पळाला, खडकाखालची मादी पळाली, तिच्यामागे पिल्लं धडपडत, झुडपाखालचे चारही. मी या बाजूला वळलो, त्या बाजूला वळलो, जिथे बघावं तिथे शेपट्या बिळात शिरत होत्या. धूळ उडाली. मिनिटात मैदान रिकामं झालं. ढिगावर मी आणि त्या बाई. मी हसत होतो की रडत होतो ते त्यांनाच विचार. मी त्यांना सांगत होतो, "आहेत, आहेत, सगळे आहेत," जसं काही मीच त्यांना दाखवलं होतं.

त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी दचकलो, कारण हात बाजूने आला. त्यांना ते कळलं. तेव्हापासून त्या समोर येऊन बोलतात. स्वयंपाक्यालाही त्यांनी सांगितलं असावं, तोही आता समोरून येतो, आणि वर खाकरतोसुद्धा. मी त्याची माफी मागितली. बिचारा म्हणाला, साहेब, मला वाटलं तुम्ही माझ्या स्वयंपाकावर नाराज आहात.

साहेबांना मी स्वतः कळवलं की वस्ती ठणठणीत आहे, मोजणारा बिघडलाय. वर्तनबदलावरचं ते चार पानांचं टिपण चुलीत घातलं. पाणी लवकर उकळलं, एवढाच त्याचा उपयोग झाला.

कुदळी परत ठेवल्या. थंडी आता पडलीच आहे. गेल्या चार दिवसांत एकेक जण आत उतरला. मी दुपारी बाईंबरोबर फिरून बिळं बघतो, वाकून, अगदी नाक लावून. रोज काही दारं आणखी लिंपलेली दिसतात. आतून नीट चापून बसवलेली माती, बाहेरून कळणारही नाही. काल शेवटचं उघडं बीळ उरलं होतं, खडकाखालच्या मादीचं. आज सकाळी तेही बंद. पिल्लं तिच्याबरोबर आत आहेत, पहिल्या थंडीत ती आईजवळच राहतात. खणायला घेतलं असतं तर पहिलं बीळ मी तेच घेतलं असतं. मला झोप येत नाही ती आता या विचाराने.

मोजणी पुढे बाई करतील. मला परत येता येईल का, कुणाला ठाऊक. साहेबांनी तसं विचारलं नाही, मीही नाही. मला भीती वाटते, ताई. बाबा शेवटी भिंतीला हात लावत चालायचे, ते मी सुट्टीत आलो की बघायचो आणि बाहेर निघून जायचो. आईला माझं काही सांगायचं असेल ते तू सांग, मला जमणार नाही. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. माझं जे काही मोजायचं ते मोजू देत, मी एक शब्द बोलणार नाही.

पुढच्या टँकरने निघतो. पुढे बसने येऊन शहरात स्टँडवर उतरेन, गर्दी असेल. तू येशील तेव्हा हाक मारू नकोस, मी इकडेतिकडे बघत बसेन आणि मला सापडणार नाहीस. घाईही करू नकोस. मी उतरून जिथे उभा असेन तिथेच उभा राहीन, मान हलवणार नाही. तू समोरून ये.

तुझा,
बाळ